चाचणी कोणासाठी? सार्वजनिक रुग्णालयांतील संशोधन आणि मद्रासचा धडा

(भाषणाचा मजकूर)

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून रांग धरून उभ्या असलेल्या माणसाला केसपेपर मिळतो, डॉक्टर त्यावर औषध लिहून देतात आणि खिडकीवर गोळ्या मिळतात. ती गोळी आपल्या तळहातावर कोणत्या वाटेने आली, याचा विचार करण्याइतकी उसंत त्याला नसते. परंतु प्रत्येक औषधाच्या इतिहासात एक काळ असा येतो की, ते गुणकारी आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते आणि तरीही ते कोणाला तरी प्रथम द्यावे लागते. हा माणूस कोण होता, त्याला काय सांगण्यात आले, त्याच्या घरादाराची काळजी कोणी घेतली आणि त्याच्या देहावर जे सिद्ध झाले त्याचा लाभ पुढे कोणाच्या पदरात पडला, हे चार प्रश्न वैद्यकीय संशोधनाच्या मुळाशी आहेत.

या विषयाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्याकडे रूढ आहेत आणि दोन्ही एकांगी आहेत. एका दृष्टीप्रमाणे सरकारी रुग्णालयातील प्रत्येक चाचणी म्हणजे गरिबांना प्रयोगाचे उंदीर बनविण्याचा कट असतो. सबब ती बंदच पाडली पाहिजे. दुसऱ्या दृष्टीप्रमाणे विज्ञान हे सर्व हितसंबंधांच्या पलीकडचे पवित्र कार्य असून शास्त्रज्ञांना शंका विचारणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे होय. पहिली दृष्टी स्वीकारली तर गरिबांच्या रोगांवर कधी संशोधनच होणार नाही. धनिकांच्या रोगांवर मात्र होत राहील. दुसरी स्वीकारली तर गरिबांच्या देहावर संशोधन होईल, परंतु ते त्यांच्यासाठी होईलच अशी शाश्वती राहणार नाही.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली त्या शहरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि त्यानंतर लवकरच भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. पण गजांआड असलेल्या, बाहेर प्लेग आणि आत तुरुंगाधिकारी अशा कोंडीत सापडलेल्या माणसाची स्वेच्छा ती कितपत, हे विचारणारी कोणतीही यंत्रणा त्या काळी नव्हती. लसीने पुढे असंख्य प्राण वाचविले, हे जितके खरे तितकाच हा प्रश्नही खरा आहे. स्वतंत्र भारतात त्याला अधिक चांगले उत्तर देण्याचा एक प्रयत्न मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, झाला. तो तपशिलाने समजून घेण्याजोगा आहे.

खाटांचा हिशेब

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात क्षयरोग हा देशातील श्रमिकांचा सर्वांत मोठा वैरी होता. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीतून असा अंदाज निघाला की, थुंकीतून रोगजंतू बाहेर टाकणारे सुमारे १५ लाख रुग्ण देशात आहेत. क्षयरोग्यांसाठी देशभर उपलब्ध असलेल्या खाटा मात्र काही हजारांच्या घरात होत्या. त्या काळची सर्वमान्य उपचारपद्धती अशी होती की, रुग्णाला मोकळ्या हवेच्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये ठेवावे, पूर्ण विश्रांती द्यावी, दूध-अंड्यांचा सकस आहार द्यावा. मद्रासजवळ तांबरम येथे आणि महाराष्ट्रात मिरजेजवळ वानलेसवाडी येथे अशी आरोग्यधामे होती. परंतु गिरणगावातील दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसांसह राहणाऱ्या कामगाराला, अथवा मद्रासच्या झोपडवस्तीतील हातगाडीवाल्याला, सॅनेटोरियमची खाट मिळणे दुरापास्त होते. आणि मिळाली तरी वर्षभर रोजगार बुडवून तिथे पडून राहणे त्याच्या कुटुंबाला परवडणारे नव्हते.

दरम्यान औषधे आली होती. स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड या औषधांनी क्षयाचे जंतू खरोखर मरतात, हे सिद्ध झाले होते. मग प्रश्न असा उभा राहिला की, औषध हाती असताना खाटेची गरज किती? रुग्ण घरीच राहिला, अपुरे खाऊन आणि दाटीवाटीत झोपून त्याने केवळ औषध घेतले, तर तो बरा होईल काय? आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या मुलाबाळांना त्याच्यापासून लागण होईल काय? हा प्रश्न कोणत्याही कंपनीच्या विक्रीविभागात जन्मला नव्हता. खाटांचा हिशेब मांडला की तो आपोआप समोर येत होता.

मद्रासची चाचणी

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे या कार्यात भागीदार होते. केंद्राचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. शहरातील गरीब वस्त्यांमधून आलेले १९३ रुग्ण या चाचणीत घेण्यात आले. कोणी घरी राहावे आणि कोणी सॅनेटोरियममध्ये जावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर अथवा रुग्णाच्या वशिल्यावर सोडण्यात आले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ते ठरविण्यात आले. दोन्ही गटांना औषधे मात्र तीच: आयसोनियाझिड आणि पास, बारा महिने.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी वैद्यकविश्वाच्या प्रस्थापित कल्पनांना धक्का दिला. वर्षअखेर सॅनेटोरियममधील ९२ टक्के आणि घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा रोग जंतुतपासणीच्या कसोटीवर शमलेला आढळला. हा फरक इतका थोडा होता की, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांवरच बरे होणे अवलंबून आहे, असे यापुढे कोणाला म्हणता येईना. दुसरा निष्कर्ष तर अधिकच महत्त्वाचा होता. केंद्राने रुग्णांच्या कुटुंबीयांचीही अनेक वर्षे तपासणी चालू ठेवली आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातलगांत क्षयाचे प्रमाण सॅनेटोरियममध्ये गेलेल्यांच्या नातलगांपेक्षा अधिक आढळले नाही. रोगनिदान होऊन औषध सुरू होण्यापूर्वीच जो संसर्ग व्हायचा तो होऊन गेलेला असतो, एवढाच याचा अर्थ. त्यामुळे रुग्णाला घरातून हद्दपार करण्याचे शास्त्रीय समर्थन उरले नाही. पुढील काळात जगभरातील सॅनेटोरियमे ओस पडू लागली आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया घरगुती उपचार हाच ठरला.

पाठबळ म्हणजे काय

हे यश केवळ दोन औषधांचे होते असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. घरी ठेवलेला रुग्ण वाऱ्यावर सोडलेला नव्हता. तो दर आठवड्याला केंद्रात येऊन औषध नेत असे. आरोग्यसेविका त्याच्या घरी जात, अनपेक्षितपणेही जात. तो गोळ्या खरोखर घेतो की नाही हे लघवीच्या तपासणीने पाहिले जाई. थुंकीची तपासणी आणि जंतूंची वाढ करून पाहणे यांसाठी सुसज्ज प्रयोगशाळा केंद्रातच होती. औषध घेणे थांबले तर का थांबले, याचा शोध घेतला जाई. रुग्ण बरा झाल्यावरही त्याची विचारपूस वर्षानुवर्षे होत राहिली. संशोधनाला पाठबळ देणे याचा अर्थ हा आहे: इमारत आणि अनुदान यांच्या जोडीला घरोघर जाणारी माणसे, चालू राहणारी प्रयोगशाळा आणि दीर्घकाळ टिकणारा शासनाचा निर्धार.

आता मंजुरीचा प्रश्न. १९५६ साली या देशात आजच्या अर्थाची नीतिसमिती अस्तित्वात नव्हती. नाझी डॉक्टरांच्या गुन्ह्यांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे मानवी प्रयोगांविषयीची सूत्रे मांडण्यात आली होती. परंतु जागतिक वैद्यक संघटनेची हेलसिंकी घोषणा १९६४ ची आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे नैतिक धोरणाचे पहिले निवेदन फेब्रुवारी १९८० चे. तरीही मद्रासच्या चाचणीच्या रचनेतच तिचे नैतिक समर्थन सामावलेले होते. १९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी सुरू झाली, तेव्हा औषधच दुर्मिळ होते; सर्वांना पुरेल इतके ते नव्हते, म्हणून एका गटाला ते मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही. मद्रासमध्ये दुर्मिळ होती ती खाट. औषध दोन्ही गटांना मिळाले. विनाउपचार कोणालाही ठेवले गेले नाही. आणि उत्तर काहीही आले असते तरी ते ज्या वर्गातून रुग्ण आले त्याच वर्गाच्या उपयोगी पडणार होते.

अर्थात, समितीचा अभाव हा काही गुण नव्हे. त्या १९३ जणांना चिठ्ठीचा अर्थ कितपत समजला, ‘नको’ म्हणण्याची मोकळीक त्यांना कितपत वाटली, हे तपासणारा त्रयस्थ त्या वेळी कोणी नव्हता. संशोधकांची सचोटी ही मोठी गोष्ट आहे. परंतु जनतेच्या सुरक्षिततेची व्यवस्था व्यक्तींच्या सचोटीवर सोडता येत नाही.

अपयश छापण्याचे धैर्य

मद्रासच्या परिसरातच आणखी एक प्रचंड चाचणी झाली. चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ पासून बीसीजी लसीची परीक्षा घेण्यात आली. सुमारे २ लाख ६० हजार लोकांना लस किंवा लसीसारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य टोचण्यात आले आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. देशभर कोट्यवधींना टोचली जाणारी ही लस मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण देते, असे सिद्ध होईल अशी सर्वांची अपेक्षा होती. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात निष्कर्ष उलटा आला: तसे संरक्षण आढळले नाही. बालकांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांसाठी ही लस आजही दिली जाते आणि त्याला आधार आहे. परंतु प्रौढांच्या क्षयाचा प्रश्न केवळ लस टोचून सुटणार नाही, हे सत्य चेंगलपट्टूच्या खेड्यांनी जगाला सांगितले.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, हा अप्रिय निष्कर्ष दडपला गेला नाही. ज्याच्या नफ्याला एखाद्या निष्कर्षाने धक्का बसतो, त्याच्याच ताब्यात ती आकडेवारी असेल तर ती प्रकाशात येण्याची हमी कोण देणार? सार्वजनिक पैशाने झालेल्या चाचणीत ही हमी मिळणे अधिक शक्य असते. याच कारणासाठी देशात जुलै २००७ मध्ये चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणी सुरू करण्यापूर्वी तिच्यात नोंद करणे सक्तीचे झाले. जी चाचणी आधी जाहीर झाली आहे, ती पुढे गुपचूप नाहीशी करणे कठीण जाते.

दुसरी वाट

नव्या शतकात मात्र वाट बदलली. २००५ साली नियमांत दुरुस्ती होऊन, परदेशात ज्या टप्प्यावर औषधाची चाचणी चालू आहे त्याच टप्प्याची चाचणी भारतातही करण्याची मोकळीक मिळाली. बहुराष्ट्रीय कंपन्यांना येथे रुग्ण मुबलक होते, खर्च कमी होता आणि इंग्रजी जाणणारे डॉक्टर होते. चाचण्यांची संख्या झपाट्याने वाढली. देखरेखीची यंत्रणा तशी वाढली नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांत सहभागी असलेल्या २,६४४ जणांचे मृत्यू नोंदले गेले आणि त्यांतील ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे मानले गेले, ही माहिती त्याच सुनावणीत सरकारनेच दिली. उरलेल्यांपैकी बरेच जण आधीच गंभीर आजारी होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु या ८० जणांच्या वारसांना वेळेवर आणि न्याय्य भरपाई मिळण्याची निश्चित व्यवस्था त्या काळात नव्हती, हेही तितकेच खरे.

संमतीची काय अवस्था होऊ शकते, हे २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत दिसून आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या एका प्रकल्पात सुमारे २४ हजार मुलींना लस देण्यात आली. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही आणि लसीच्या उपयुक्ततेविषयी येथे वाद नाही. परंतु आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी मुख्याध्यापकांनी अथवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. भायखळ्याच्या तुरुंगातील प्रश्न शंभर वर्षांनंतर वसतिगृहात पुन्हा उभा राहिला होता.

न्यायालयीन लढा आणि जनसंघटनांचा रेटा यांमुळे नियम बदलले. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, नीतिसमित्यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. मार्च २०१९ मध्ये ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम’ जारी झाले.

मंजुरीची दारे

या नियमांची रचना प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतली पाहिजे. नव्या औषधाच्या चाचणीला मुख्यतः दोन दारांतून जावे लागते. पहिले केंद्रातील औषध नियंत्रकांचे आणि दुसरे ज्या रुग्णालयात चाचणी व्हायची तेथील नीतिसमितीचे. चाचणीमुळे इजा झाली तर विनामूल्य उपचार आणि ठरलेल्या सूत्राप्रमाणे भरपाई ही पुरस्कर्त्याची जबाबदारी आहे. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. रुग्णाला वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हजर असला पाहिजे.

नीतिसमितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असले पाहिजेत, अध्यक्षही बाहेरचाच हवा. एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांसारखा एक स्वतंत्र सदस्य आणि एक सामान्य नागरिक असणे आवश्यक आहे. ‘सामान्य नागरिक’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कायद्याने जनतेसाठी ठेवलेली ही खुर्ची आहे. त्या खुर्चीवर बसलेला माणूस जाडजूड कागदपत्रे पाहून दबला आणि तज्ज्ञांच्या मताला मान डोलावू लागला, तर कायद्याचा हेतूच फसतो. त्याने औषधाच्या रासायनिक घटनेविषयी बोलण्याची अपेक्षा नाही. ‘हे पत्रक माझ्या शेजारणीला वाचून दाखविले तर तिला समजेल काय?’ एवढा प्रश्न त्याने विचारला तरी पुष्कळ आहे.

कारण भाषा हा येथे केवळ अनुवादाचा प्रश्न नाही. इंग्रजी मसुद्याचे शब्दाला शब्द ठेवून केलेले तमिळ किंवा मराठी भाषांतर कायद्याची अट पुरी करते. रुग्णाला काहीच सांगत नाही. ‘यादृच्छिक विभाजन’ असे छापलेले वाचून कोणता शेतमजूर काय समजणार? ‘तुम्हाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरविणार नाहीत, चिठ्ठी टाकून ठरेल’ असे म्हटले की तो समजतो आणि मग त्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतो. ‘दिसायला औषधासारखी, पण जिच्यात औषध नाही अशी गोळी मिळण्याचा संभव आहे’, ‘केव्हाही सोडून गेलात तरी तुमचा नेहमीचा उपचार बंद होणार नाही’ ही वाक्ये साधी आहेत. आणि ज्याला रुग्णाने प्रश्न विचारायला हवे आहेत तोच ती लिहील.

कोणाचा प्रश्न टेबलावर येतो

एवढे असूनही एक उणीव राहतेच आणि ती कोणत्याही नियमात सापडत नाही. ही सर्व दारे एवढेच पाहतात की, समोर आलेली चाचणी सुरक्षित आहे काय, शास्त्रशुद्ध आहे काय, संमती घेतली आहे काय. जी चाचणी समोर आलीच नाही, तिच्याविषयी कोणतीही समिती काही बोलू शकत नाही. समितीच्या टेबलावर काय येते हे ठरते ते पाठबळावर.

सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टराचा दिवस कसा जातो, हे सर्वांनी पाहिले आहे. शेकडो रुग्ण तपासताना त्याच्या मनात खरे प्रश्न उभे राहतात: हा उपचार कमी दिवसांत पुरेल काय, स्वस्त औषध तितकेच चालेल काय, रुग्ण औषध मध्येच का सोडतात. हे प्रश्न चाचणीच्या स्वरूपात मांडायचे तर मसुदा लिहायला वेळ हवा, संख्याशास्त्रज्ञ हवा, प्रयोगशाळेचा खर्च हवा, इजा झाली तर भरपाईची तरतूद हवी, पाठपुरावा करणारी माणसे हवीत. यांपैकी त्याच्याजवळ बहुधा काहीच नसते. कंपनी मात्र हे सगळे तयार घेऊनच रुग्णालयाच्या दारात येते. परिणामी कोणाचाही दुष्ट हेतू नसताना, समितीचे सर्व सदस्य प्रामाणिक असतानाही, सार्वजनिक खाटेवर विचारला जाणारा प्रश्न बाजाराचा असतो. स्वस्त औषधाने भागते हे सिद्ध करण्यात ज्याला नफा नाही, तो त्यासाठी पैसा का घालील? म्हणूनच मंजुरी आणि पाठबळ ही दोन वेगळी खाती मानता येत नाहीत. ज्या सरकारने केवळ मंजुरीची यंत्रणा उभारली आणि पाठबळ दिले नाही, त्याने कोणते प्रश्न विचारले जाणार याचा निर्णय इतरांवर सोपविला असेच म्हणावे लागेल.

अन्नाचा प्रश्न

पाठबळ मिळाले तर काय घडते, याचे अलीकडचे उदाहरण पुन्हा चेन्नईच्याच संस्थेशी निगडित आहे. १९५६ चे ते केंद्र २०११ पासून राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. जुन्या चाचणीत घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, त्यांचे वजनही कमी वाढले होते, तरी ते बरे झाले होते. याचा अर्थ एवढाच होता की, परिणामकारक औषध नियमित मिळाले तर अपुरे खाणाराही बरा होऊ शकतो. पण पुढील कित्येक वर्षे धोरणात त्याचा अर्थ असा लावला गेला की, क्षयाच्या बाबतीत अन्नाचा विचार करण्याचे कारणच नाही. मद्रासच्या चाचणीतून गोळी उचलली गेली. आठवड्याची भेट, घरी जाणारी आरोग्यसेविका आणि ताटातील अन्न मागे राहिले. औषधे अर्धवट सोडण्याचे प्रमाण मोठे राहिले आणि १९९२ च्या आढाव्यात राष्ट्रीय कार्यक्रमाच्या गंभीर उणिवा मान्य कराव्या लागल्या.

हा अर्धवट राहिलेला प्रश्न झारखंडमधील चार जिल्ह्यांत विचारला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने आणि चेन्नईच्या संस्थेच्या सहभागाने २०१९ पासून ही चाचणी झाली. २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे तिच्यात होती. रुग्णांना सर्वच ठिकाणी शिधा दिला गेला. चाचणी होती ती घरच्या माणसांविषयी. एका गटातील कुटुंबीयांनाही दरमहा तांदूळ, डाळ असा शिधा मिळाला, दुसऱ्या गटातील कुटुंबीयांना नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला त्या घरांत क्षयाची नवी लागण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाली. रुग्णांच्या बाबतीत, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. तांदूळ-डाळीवर कोणाचे पेटंट नसते. ही चाचणी सार्वजनिक पैशाने झाली नसती तर झालीच नसती.

तामिळनाडूत २०२२ पासून त्याच धर्तीचे आणखी एक काम झाले. क्षयाचे निदान होताच रुग्ण किती अशक्त आहे हे वजन-उंची, पायांवरची सूज, श्वासाचा वेग, रक्तातील प्राणवायू आणि आधाराशिवाय उभे राहता येणे अशा साध्या खुणांवरून आरोग्यकर्मचाऱ्यांनी तपासायचे आणि गंभीर रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचे, अशी ही योजना. तिच्यात चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि राज्याचा आरोग्य विभाग यांनी एकत्र काम केले. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. आहे ते मनुष्यबळ आणि नीट विचारलेला प्रश्न. शासनानेही रुग्णांना पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्याची योजना सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. झारखंडच्या निष्कर्षांच्या प्रकाशात पाहता घरातील इतर माणसांच्या ताटाचाही विचार होणे अगत्याचे आहे.

कर्तव्य

मित्रहो, या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. सार्वजनिक रुग्णालयातील संशोधनाला आंधळा विरोध हे श्रमिकांच्या हिताचे धोरण होऊ शकत नाही. ज्या वर्गाला क्षय होतो, त्याच वर्गाला क्षयावरील संशोधनाची सर्वाधिक गरज आहे. मागणी करावयाची ती अशी की, सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधनासाठी स्वतंत्र मनुष्यबळ, प्रयोगशाळा आणि निधी असावा, जेणेकरून तेथील डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मनातील प्रश्न समितीच्या टेबलापर्यंत पोहोचतील. प्रत्येक चाचणीचा निष्कर्ष, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. चाचणीत जे औषध उपयुक्त ठरले ते निदान त्या रुग्णांना पुढे मिळत राहावे. मंजुरीला विनाकारण विलंब नको. परंतु घाईसाठी संमतीचा बळीही नको.

जेथे कामगार संघटना, महिला संघटना किंवा आरोग्यकर्मचाऱ्यांच्या संघटना काम करतात, तेथे आपल्या जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीत सामान्य नागरिक म्हणून कोण बसते, याची चौकशी करणे अवघड नाही. चाचण्यांची नोंदवही सर्वांना खुली आहे. एखाद्या रुग्णापुढे सहीसाठी कागद आला तर त्याने काय विचारावे, हेही सांगता येण्यासारखे आहे: हा प्रश्न कोणी विचारला, खर्च कोण करते, मला नेहमीपेक्षा वेगळे काय होणार, नाही म्हटले तर काय, बिघडले तर कोणाकडे जायचे, आणि उत्तर सापडले तर ते माझ्यासारख्यांना मिळणार काय.

मद्रासमधील त्या १९३ माणसांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यापैकी जे घरी राहिले, ते कमी खाऊन आणि दाट वस्तीत राहून दर आठवड्याला औषध आणायला गेले. त्यांच्यामुळे त्यांच्यानंतरच्या लाखो रुग्णांना बरे होण्यासाठी घर आणि रोजगार सोडावा लागला नाही. सार्वजनिक रुग्णालयात यापुढे होणाऱ्या प्रत्येक चाचणीला हीच कसोटी लावली पाहिजे: आज जो रुग्ण सही करतो आहे, त्याच्याच वस्तीतील उद्याचा रुग्ण त्यामुळे अधिक सुखरूप होणार आहे काय?